टोटल स्टेशन आणि डीजीपीएसचं जुळत नाही? ड्रॉइंग ओढून बसवू नका, आधी भागाकार करा

रस्त्याच्या दोन्ही टोकांना डीजीपीएसनं, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्रानं, घेतलेले कंट्रोल पॉइंट, म्हणजे पक्के ठरलेले बिंदू. मधला ट्रॅव्हर्स, म्हणजे बिंदूमागून बिंदू मोजत नेलेली साखळी, टोटल स्टेशननं, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या मशीननं, मारलेला. पहिला पॉइंट बरोब्बर बसतो, बॅकसाइटची, म्हणजे मागच्या बिंदूकडची, दिशा बरोबर येते, आणि शेवटच्या पॉइंटला पोचेपर्यंत दीड-दोन मीटरची तफावत पडते. सर्व्हेअर म्हणतो, डीजीपीएसवाल्यानं घोळ घातलाय. डीजीपीएसवाला म्हणतो, तुमचं मशीन आधी कॅलिब्रेशनला पाठवा. इकडे ऑफिसात ड्रॉइंग उद्या द्यायचं असतं. मग ड्राफ्ट्समन ऑटोकॅडमध्ये ‘अलाइन’ कमांड देतो, दोन टोकं पकडतो, शेवटी कमांड विचारते की स्केल करू का, तिथं ‘यस’ दाबतो. ड्रॉइंग चपखल बसतं आणि विषय मिटल्यासारखा वाटतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कामांत हा प्रश्न इतक्या वेळा समोर आलाय, की आता कुणाचा फोन आला तर मी आधी दोनच आकडे मागतो. जमिनीवर मोजलेलं अंतर किती? आणि त्याच दोन बिंदूंमधलं ड्रॉइंगमधलं अंतर किती? ड्रॉइंगमधल्या अंतराला जमिनीवरच्या अंतरानं भागायचं, निदान पाच दशांशांपर्यंत. दुखणं काय आहे ते बहुतेक वेळा त्या एका आकड्यातच दिसतं. ड्रॉइंग ओढून बसवलं की तो आकडा कायमचा पुसला जातो. ‘अलाइन’वर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी.

भागाकार काय सांगतो

उत्तर १०००, ३९.३७, ३.२८०८ किंवा ०.३०४८ च्या आसपास आलं तर सर्व्हेकडे बघायचंच नाही. हा युनिटचा घोळ आहे. आपल्याकडचे आर्किटेक्ट फूट-इंचात काढतात, काही जण मिलिमीटरमध्ये, आणि सर्व्हे मीटरमध्ये असतो. दोन्ही फायलींत ‘युनिट्स’मधलं इन्सर्शन स्केल वेगवेगळं असेल तर एक्सरेफ, म्हणजे ड्रॉइंगला संदर्भासाठी जोडलेली दुसरी फाइल, जोडताना ऑटोकॅड आपणहून स्केल करतं, विचारतही नाही. सिव्हिल थ्रीडी या सिव्हिल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग सेटिंग्जच्या ‘युनिट्स अँड झोन’ टॅबवर बाहेरून आणलेल्या वस्तू स्केल करायची एक चौकट आहे, तीही बघून घ्या. दोन्ही फायलींचं युनिट आधी दुरुस्त करून एक्सरेफ पुन्हा जोडा. जोडून झाल्यावर हातानं स्केल बदलत बसू नका.

क्षेत्रफळात १.०११७ चा फरक दिसला तर तो गुंठा आणि आर यांचा आहे. हे सीमाभागातलं खास दुखणं. चंदगड बाजूच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, आपल्या इकडच्या पहाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यात, एकर-गुंठ्यात. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे सरळ १०० चौरस मीटर. बोलताना लोक दोन्हीला गुंठाच म्हणतात. हद्दीला लागून असलेल्या जमिनीचा लेआउट करताना एका बाजूचा आकडा उचलून दुसऱ्या बाजूच्या तक्त्यात टाकला की हा १.०११७ हमखास निघतो. मग लोक ड्रॉइंगची हद्द सरकवून क्षेत्र जुळवायला बसतात, आणि बरोबर असलेली हद्द बिघडवून टाकतात.

तफावत अंतराबरोबर वाढतच नसेल, दहा मीटरला तेवढीच आणि पाचशे मीटरलाही तेवढीच, साधारण ३० मिलिमीटर, तर प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे समोर धरलेल्या आरशासाठी मशीन अंतरात जी ठरलेली दुरुस्ती करतं ती, तपासा. प्रिझम एका कंपनीचा आणि मशीन दुसऱ्या कंपनीचं असलं की हे होतं.

उत्तर १ पासून फक्त पाचव्या दशांशात हललेलं असेल, म्हणजे ०.९९९९८ किंवा १.००००२ असं काही, तर मशीनमध्ये तापमान आणि हवेचा दाब भरलाय का ते विचारा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ऐंशी-नव्वद हेक्टोपास्कलनं कमी असतो. साडेतीन-पावणेचार हेक्टोपास्कलला दहा लाखात एक असा फरक पडतो, म्हणजे किलोमीटरला दोन-अडीच सेंटीमीटर. गावरस्त्याला चालून जाईल, पुलाच्या खांबांना चालणार नाही.

आणि उत्तर ०.९९९५ च्या आसपास आलं, तर कुणाचंच चुकलेलं नाही. याच्यावरच मला जास्त लिहायचंय, कारण भांडणं होतात ती याच्यावरूनच.

०.९९९५३ कुठून येतो

डीजीपीएसचं काम आपण यूटीएम पद्धतीनं, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या पद्धतीनं, झोन ४३ उत्तरमध्ये घेतो. हा झोन ७२ ते ७८ रेखांशांच्या मधला, आणि त्याची मधली रेषा ७५ पूर्व रेखांश. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना कुठंतरी तडजोड करावी लागते. यूटीएमनं ती अशी केलीय, की मधल्या रेषेवर सगळी अंतरं मुद्दाम ०.९९९६ पट दाखवायची. मधल्या रेषेपासून साधारण १८० किलोमीटर बाजूला गेलं की पट १ होते, त्याच्याही पुढं १ च्या वर जाते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. ७५ पूर्व रेखांश आपल्या बेळगाव जिल्ह्यातूनच जातो. बैलहोंगल त्याच्या पश्चिमेला, सौंदत्ती आणि रामदुर्ग पूर्वेला. म्हणजे कागद आणि जमीन यांच्यातला फरक या बाजूला जेवढा जास्तीत जास्त असू शकतो, नेमक्या त्याच पट्ट्यात आपण काम करतो. पुण्या-मुंबईच्या मित्रानं सांगितलं ‘आम्हाला कधी एवढा फरक येत नाही’, तर त्याचंही खरं आहे. तो मधल्या रेषेपासून लांब बसलाय.

गणित हातानं करता येतं. बेळगाव शहरात पूर्वांक, म्हणजे ईस्टिंग, ४,४६,००० च्या पुढं-मागं येतो. मधल्या रेषेचा पूर्वांक ५,००,००० ठरलेला आहे. वजाबाकी करा, साधारण ५३.५ किलोमीटर. त्याचा वर्ग करा, पृथ्वीच्या त्रिज्येच्या (६३७१ किलोमीटर) वर्गाच्या दुपटीनं भागा, उत्तरात १ मिळवा, आणि ०.९९९६ नं गुणा. ०.९९९६३५ येतं. हा झाला कागदाचा भाग.

दुसरा भाग उंचीचा. आपण जमिनीवर मोजतो ते पठारावरचं अंतर. तेच अंतर खाली, डीजीपीएस ज्या गणिती पृष्ठभागावर मोजतं तिथं उतरवलं, की थोडं आखूड होतं. ६३७१ ला ६३७१ अधिक किलोमीटरमधली उंची यांनी भागा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. ही उंची समुद्रसपाटीपासूनची नाही, डीजीपीएस दाखवतं ती. दक्षिण भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या गणिती पृष्ठभागाच्या बराच खाली आहे, आपल्या भागात सत्तर-ऐंशी मीटरच्या घरात. म्हणून साडेसातशे मीटरवरच्या जागी डीजीपीएस ६७० च्या आसपास दाखवतं आणि साइटवरचा माणूस घाबरतो. मशीन बिघडलेलं नसतं, ती उंचीच वेगळी आहे. लेव्हलसाठी मात्र ती कधीच वापरायची नाही, बेंचमार्कवरून ऑटो लेव्हलनंच आणायची. असो. ६७० मीटरला ०.९९९८९५ येतं.

दोन्हींचा गुणाकार ०.९९९५३. जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर ९९९ मीटर ५३ सेंटीमीटर. किलोमीटरला ४७ सेंटीमीटर कमी.

एकदा एकच रेघ तीन ठिकाणी मोजून बघा, म्हणजे पटेल. टोटल स्टेशननं बरोबर १००० मीटर येईल. ऑटोकॅडमध्ये यूटीएमच्या बिंदूंमध्ये ९९९.५३ येईल. त्याच बिंदूंवर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजपट्टी ‘एलिप्सॉइडल’वर ठेवून मोजलं तर ९९९.८९ किंवा ९९९.९० च्या आसपास येईल, कारण ते कागदाचा भाग काढून टाकतं, उंचीचा काढत नाही. मोजपट्टी ‘कार्टेशियन’वर टाकली की पुन्हा ९९९.५३. तिन्ही आकडे खरे आहेत. प्रत्येकजण वेगळ्या पृष्ठभागावर मोजतोय, एवढंच.

आमच्या ऑफिसात काय झालं होतं

बेळगावजवळच्या मच्छे गावाच्या पुढचा एक गावरस्ता होता, ४.२ किलोमीटरचा. डिझाइन देऊन दोन-अडीच महिने झाले होते. सकाळी सुपरवायझरचा फोन आला.

“साहेब, मोरीचा खड्डा नाल्यावर बसंना झालाय बगा. पावणेदोन मीटर अलीकडं यायला लागलाय.”

“चेनेज किती धरलंस?”

“तुमच्या ड्रॉइंगमधलंच ओ. ३६४०. शून्यापासनं मशीननं अंतर मारत आलोय, दोनदा मारलंय.”

मी म्हटलं, खड्डा थांबव, मी येतो. गेलो तर खरंच तसं होतं. जेसीबीनं अर्धा खड्डा काढलेला, आणि नाल्याचा मध्य बाजूला राहिलेला. पोरानं काहीही चुकीचं केलं नव्हतं. चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, आणि ते ३६४० मीटर आमच्या ड्रॉइंगमधले होते, कागदावरचे. जमिनीवर तीच जागा ३६४१.७१ मीटरवर होती. त्यानं जमिनीवर ३६४० मोजले, तो १.७१ मीटर अलीकडं पडला.

ऑफिसात येऊन फाइल उघडली. एका स्पॉट लेव्हलच्या अक्षरांवर क्लिक केलं तर टेक्स्टची उंची २.४९८८. आमच्या टेम्प्लेटमध्ये ती २.५ असते. झाडाच्या ब्लॉकचं स्केल बघितलं, ०.९९९५३. तेव्हा कळलं की सर्व्हेचं ड्रॉइंग कुणीतरी ‘अलाइन’ करून स्केल केलंय. जुन्या फायली तपासताना ही खूण फार कामाला येते. टेक्स्ट, ब्लॉक, वर्तुळाची त्रिज्या यांत कुठंही असा विचित्र आकडा दिसला की समजायचं, फाइल ओढलेली आहे.

खरं तर आडव्या अंतरांसाठी त्यानं केलं ते गणितानं बरोबरच होतं. जमिनीवरचा सर्व्हे कागदावर उतरवायला ०.९९९५३ नंच गुणावं लागतं. पण त्यानं ते कुठं लिहून ठेवलं नाही, त्यामुळे सुपरवायझरला कळायला मार्ग नव्हता की चेनेज कागदावरचं आहे. आणि दुसरं नुकसान त्याहून वाईट होतं. स्केल कमांड तिन्ही दिशांना स्केल करते. त्या दिवशी ‘ओस्नॅपझेड’ ही सेटिंग १ वर होती, म्हणजे पकडलेले बिंदू शून्य उंचीवर धरले गेले, आणि ७५० मीटरची लेव्हल ७४९.६५ झाली. सगळा रस्ता ३५ सेंटीमीटर खाली गेला. शेजारी छापलेले लेव्हलचे आकडे जुनेच राहिले, कारण ती नुसती अक्षरं होती. सरफेस, म्हणजे जमिनीचं संगणकातलं रूप, मात्र खालचा तयार झाला आणि त्याच्यावर आम्ही मातीकामाचं प्रमाण काढलं. भरावाचा आकडा जास्त का वाटतोय, हा प्रश्न त्याआधी दोनदा आमच्यासमोर आला होता, आणि दोन्ही वेळा आम्ही क्रॉस सेक्शन बघून पुढं गेलो होतो.

मोरीची जागा दुरुस्त करायला एक दिवस लागला. प्रमाणपत्रक पुन्हा करायला आठवडा गेला.

मग करायचं काय

काम सुरू व्हायच्या आधी एक निर्णय घ्या: या कामाचं ड्रॉइंग ग्रिडवर, म्हणजे यूटीएमच्या कागदावरच्या अंतरांवर, राहणार की ग्राउंडवर, म्हणजे जमिनीवर मोजलेल्या अंतरांवर. दोन्ही चालतं. दोन्ही मिसळून चालत नाही. माझं मत असं, की रस्ता, पाइपलाइन, कालवा अशी लांब कामं ग्रिडवर ठेवावीत, आणि एका जागेवरची कामं, म्हणजे इमारत, कारखाना, छोटा लेआउट, ग्राउंडवर.

ग्रिडवर ठेवायचं असेल तर सिव्हिल थ्रीडीच्या टूलस्पेसमध्ये सेटिंग्ज टॅबवर ड्रॉइंगच्या नावावर राइट क्लिक करून ‘एडिट ड्रॉइंग सेटिंग्ज’ उघडा, ‘युनिट्स अँड झोन’मध्ये मीटर आणि यूटीएम८४-४३एन द्या. शेजारच्या ‘ट्रान्सफॉर्मेशन’ टॅबवर स्केल फॅक्टर, म्हणजे अंतरांना लावायचा गुणक, भरायची सोय आहे, उंचीचा फॅक्टरही तिथंच लागतो. पण तिथं काही भरलं म्हणून आधी काढलेल्या रेषा जागच्या हलत नाहीत, आणि पुढच्या माणसाला तो टॅब उघडायचं सुचत नाही. म्हणून आम्ही तो टॅब बंद ठेवतो आणि फॅक्टर टोटल स्टेशनमध्ये भरतो. जवळपास सगळ्या मशीनमध्ये जॉब सेटिंगमध्ये स्केल फॅक्टर असतो. सर्व्हेअरनं ०.९९९५३ भरला की त्याचे बिंदू थेट ग्रिडवर येतात, आणि साइटवर मार्किंग करतानाही तेच मशीन उलटं गणित करून देतं. फक्त एक खात्री करा: मशीनमध्ये भरलाय तर सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा लावायचा नाही. दोनदा लागला की भागाकार ०.९९९०६ येतो, आणि तो आकडा दिसला की समजायचं दोनदा लागलाय.

आधीच ग्राउंडवर झालेला सर्व्हे ग्रिडवर आणायचा असेल तर ड्रॉइंग स्केल करू नका, बिंदूंची फाइल स्केल करा. एक्सेलमध्ये ठरलेल्या कंट्रोल पॉइंटपासूनचा पूर्व आणि उत्तर फरक काढा, फॅक्टरनं गुणा, पुन्हा मिळवा. लेव्हलच्या रकान्याला हात लावायचा नाही. मग ते बिंदू नव्यानं आयात करा. एक सावधगिरी: एक्सेलमध्ये दोनच दशांश दिसतील अशी सेटिंग असेल तर सीएसव्ही म्हणून साठवताना तेवढेच दोन दशांश फायलीत उतरतात, मागचे जातात.

आयात करताना आणखी एक. पूर्वांक आधी की उत्तरांक आधी, याची फॉरमॅट निवडताना अदलाबदल होते आणि सगळे बिंदू भलतीकडेच दिसतात. आपल्या भागात ओळखणं सोपं आहे. पूर्वांक सहा आकडी असतो, बेळगावकडे चार लाखांच्या घरात, सौंदत्तीकडे पाच लाखांच्या वर. उत्तरांक सात आकडी, सतरा-अठरा लाखांच्या घरात. सात आकड्यांचा रकाना उत्तरेचा.

ग्राउंडवर काम करायचं ठरवलं तर एक कंट्रोल पॉइंट स्थिर धरून बाकीचे बिंदू फॅक्टरनं भागून मोठे करा. त्यानंतर पूर्वांकातून ४,००,००० आणि उत्तरांकातून १७,००,००० वजा करून टाका. याचं कारण आहे. ग्राउंडचे आकडे यूटीएमसारखेच दिसत राहिले तर सहा महिन्यांनी कुणीतरी ते खऱ्या यूटीएमच्या फायलीवर टाकेल आणि तीच दोन मीटरची तफावत परत येईल. आकडेच लहान दिसले की चूक होतच नाही. रेव्हिट या इमारतींच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळ्या कारणानंही बरं पडतं. सतरा लाख मीटर लांबचं ड्रॉइंग रेव्हिट आपल्या मूळ बिंदूजवळ घेतच नाही, दूर अंतराची सूचना देतं, आणि घेतलं तर रेषा थरथरतात.

लेआउटवाल्यांना वाटतं हा लांब रस्त्यांचाच प्रश्न आहे. क्षेत्रफळात फॅक्टरचा वर्ग लागतो. शंभर एकरांच्या जागेचं क्षेत्र ग्रिडवर काढलं तर जमिनीवरच्यापेक्षा साधारण ३८० चौरस मीटर कमी भरतं. पावणेचार गुंठे होतात. बेळगावच्या आजूबाजूला पावणेचार गुंठ्यांचा भाव काय चाललाय ते मी सांगायला नको. एका प्लॉटला हा फरक दिसतच नाही, सगळ्या प्लॉटांची बेरीज उताऱ्याशी लावली की दिसतो.

०.९९९५३ पाठ करू नका

हे मी कळकळीनं सांगतो, कारण आमच्याच टेम्प्लेटनं एकाचं काम बिघडवलं होतं. बिदरकडं काम घेतलेल्या एका ओळखीच्या पोरानं आमची टेम्प्लेट फाइल मागून घेतली. तिच्या टायटल ब्लॉकमध्ये ०.९९९५३ छापलेला होता, त्यानं तोच मशीनमध्ये भरला. बिदरही झोन ४३ मध्येच येतं, त्यामुळे कुठंच खटकलं नाही. पण बिदर मधल्या रेषेपासून २६५ किलोमीटरच्या पुढं पूर्वेला आहे. तिथं पट १ च्या वर जाते, आणि उंचीचा भाग वजा केला तरी कागद जमिनीपेक्षा किलोमीटरला चाळीस सेंटीमीटरच्या आसपास मोठाच दाखवतो. आमचा फॅक्टर उलट्या दिशेला ४७ सेंटीमीटर कमी करत होता. सहा किलोमीटरच्या पाइपलाइनला पाच मीटरच्या वर गेलं. काहीच लावलं नसतं तर निम्म्यापेक्षा कमी चुकलं असतं.

भालकी बिदरच्याच जिल्ह्यात, पण तिथला फॅक्टर बिदर शहराशी जुळत नाही, किलोमीटरला वीस सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो. निपाणीला तफावत ४३ सेंटीमीटरच्या घरात येते. कारवारला किनाऱ्यावर उंचीचा भाग जवळजवळ नसतोच, तिथं २८-२९ सेंटीमीटर. खानापुरातून घाट उतरून खाली गेलात तर एकाच कामात फॅक्टर बदलतो, तेव्हा वरचा आणि खालचा भाग वेगळा धरा. प्रत्येक कामाला त्या जागेचा पूर्वांक आणि उंची घेऊन गणित करा. पाच मिनिटं लागतात.

भागाकार १ येतो, तरी बसत नाही

आतल्या आत सगळी अंतरं जुळतात, पण अख्खं ड्रॉइंग बाजूला सरकलेलं आहे. हा वेगळा रोग, त्याला फॅक्टर लावायचा नाही.

एक-दोन मीटर सरक असेल आणि दोन दिवसांच्या कामात ती वेगवेगळी असेल, तर बहुतेक वेळा बेस स्टेशन, म्हणजे डीजीपीएसचं एका जागी ठेवलेलं यंत्र, ज्ञात बिंदूवर न लावता ‘इथंच’ म्हणून सुरू केलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन ‘इथंच’. सर्व्हेअरला विचारा, दोन्ही दिवशी बेस एकाच खिळ्यावर होता का, आणि त्याला तेच आकडे दिले होते का.

उत्तरेला साडेतीन मीटर आणि पूर्वेला ऐंशी-नव्वद सेंटीमीटर अशी सरक दिसली तर कुणीतरी फायली फुटांत नेऊन परत आणल्या आहेत, आणि एकदा साधा फूट, एकदा अमेरिकन सर्व्हे फूट वापरलाय. दोन फुटांत दहा लाखात दोन एवढाच फरक आहे, पण आपला उत्तरांक साडेसतरा लाखांचा असल्यामुळे तो साडेतीन मीटर होतो. ही सरक सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

शे-दीडशे मीटरची सरक असेल तर जुनी एव्हरेस्ट पद्धतीची टोपोशीट (सरकारी नकाशा) आणि आजचं डब्ल्यूजीएस८४ यांची गाठ पडलेली असते, म्हणजे पृथ्वीचा आकार धरायच्या दोन वेगळ्या पद्धतींची, दोन डेटमची. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच उचलायचे नाहीत, सॉफ्टवेअरमध्ये डेटम बदलून आणायचे.

गावनकाशांचं मात्र वेगळं आहे. त्यांना असे निर्देशांकच नसतात. राज्याच्या हद्दीवर दोन गावांचे नकाशे शेजारी लावले की मधे फट राहते किंवा ते एकमेकांवर चढतात, आणि तिथं ओढून बसवायचा मोह सगळ्यात जास्त होतो. तिथं जागेवर जाऊन हद्दीचे दगड शोधा, त्यांचं डीजीपीएस घ्या, आणि दोन्ही नकाशे त्या दगडांवर वेगवेगळे बसवा. राहिलेली फट ड्रॉइंगमध्ये तशीच दाखवा, वेगळ्या लेयरवर, आणि मोजणी खात्याकडून निकाल येईपर्यंत पुसू नका.

आमच्या प्रत्येक शीटवर आता उत्तर दिशेच्या बाणाखाली चार ओळी असतात: ड्रॉइंग ग्रिडवर आहे की ग्राउंडवर, फॅक्टर किती, तो कुठल्या कंट्रोल पॉइंटवर काढलाय, आणि चेनेज जमिनीवर मोजायचं असेल तर कितीनं भागायचं. पाचवी ओळ मच्छ्याच्या कामानंतर आली. ‘हे ड्रॉइंग स्केल करू नये, जुळत नसल्यास ऑफिसला फोन करावा.’ ती मराठी आणि कानडी दोन्हींत छापतो, कारण साइटवर मशीन कुणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही.